झुरक्यांचा हिशेब ठेवणारी बॅटरी

पाच वेळा पटापट बटण दाबलं की नखाएवढा काळा पडदा उजळतो. मधोमध ठळक आकडा: ७.५ वॅट. त्याखाली बारीक अक्षरांत १.८ ओहम आणि ३.७ व्होल्ट, कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह. शेजारची अधिक-उणेची बटणं दाबून वॅट वाढवता-उतरवता येतात. ई-सिगारेटची पडदा असलेली बॅटरी पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला आपण एखादं मोजमापाचं उपकरण धरलंय असं वाटतं. तसं वाटणं चुकीचंही नाही, कारण ती खरोखरच मोजते. पण काय मोजते आणि काय मोजत नाही, हे नीट कळायला हवं.

होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये ई-सिगारेट घडवली. सुरुवातीची उपकरणं दिसायला थेट सिगारेटसारखी असत. टोकाला छोटा दिवा असे आणि बॅटरी संपत आली की तो लुकलुके, एवढीच काय ती खबर. पुढे पेनासारख्या जाड बॅटऱ्या आल्या. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्रोव्हेप या कंपनीच्या ‘प्रोव्हारी’वर आकडे दिसू लागले. २०१२ च्या सुमारास चीनमधल्या शेन्झेनच्या जॉयटेक कंपनीने ‘ई-विक’ आणली. तिला पडदा तर होताच, शिवाय ती संगणकाला जोडून कधी किती झुरके घेतले याची नोंदही पाहता येई.

पडद्याची गरज का पडली, हे शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमातून उलगडतं. ई-सिगारेटमध्ये बॅटरी एक बारीक तार तापवते आणि त्या तारेभोवतीच्या कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे ४.२ व्होल्ट देते आणि उतरत जाते तशी ३.३ पर्यंत येते. तारेचा रोध १.८ ओहम धरला, तर सुरुवातीला तिला ९.८ वॅट मिळतात आणि शेवटी जेमतेम ६. टॉर्चचा सेल उतरला की उजेड पिवळा पडतो, तशीच झुरक्याची धार कमी होत जाते. यावर उपाय म्हणून बॅटरीच्या पोटात छोटा सर्किट बोर्ड बसवला गेला. तो तारेचा रोध मोजतो, लागेल तेवढे व्होल्ट वर-खाली करतो आणि सांगितलेले वॅट शेवटपर्यंत देतो. पडद्यावर दिसतो तो या बोर्डाचा कारभार.

हा बोर्ड राखणदाराचंही काम करतो. तार नीट बसली नसेल किंवा शॉर्ट झाली असेल, तर पडद्यावर इशारा येतो आणि वीज सोडलीच जात नाही. ही सोय क्षुल्लक नाही. २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात ई-सिगारेटचा स्फोट होऊन एका माणसाचा जीव गेला. तेव्हा कसल्याही चिपविना, बॅटरी थेट तारेला जोडणाऱ्या उपकरणांचा धोका ठळकपणे चर्चेत आला. सगळ्या पडदेवाल्या बॅटऱ्या निर्धोक आहेत, असा याचा अर्थ नाही. सेल हलका असेल किंवा त्याचं वेष्टण फाटलं असेल, तर पुढचा अनर्थ चिपलाही टाळता येईलच असं नाही.

आता उष्णतेचं पाहू. अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचं एक टिपण जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलं. त्यांनी तपासलेल्या उपकरणाच्या वाफेत ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं आढळली नाहीत, ५ व्होल्टला मात्र आढळली. इतक्या व्होल्टला त्या उपकरणाचा कापूस कोरडा पडून जळका झुरका येतो आणि तो कुणी ओढणार नाही, असा आक्षेप इतर संशोधकांनी घेतला. वाद काहीही असो, एक गोष्ट उघड झाली. पडद्यावरचे व्होल्ट अचूक असले, तरी कापूस ओला आहे की कोरडा हे त्यातून कळत नाही. ओहायोतल्या इव्होल्व्ह कंपनीने २०१४ मध्ये यावर तोडगा काढला. निकेलची तार तापली की तिचा रोध वाढतो. तो सतत मोजून त्यांची ‘डीएनए ४०’ ही चिप तारेचं तापमान ओळखते आणि ठरवलेली मर्यादा आली की वीज आवरते. विद्युतशास्त्राचा इतका नेमका उपयोग पाहून कौतुकच वाटतं.

मात्र कौतुक इथपर्यंतच. ‘आज इतके झुरके’ असा आकडा पाहून माणसाला वाटतं, आपल्या सवयीवर आपला ताबा आहे. पण एका बाटलीत दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटिन असतं, दुसरीत ५०. युरोपीय संघात २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, अमेरिकेत संघराज्य पातळीवर तशी मर्यादा नाही. बॅटरीच्या लेखी दोन्ही बाटल्यांचा झुरका एकच. द्रवात आणखी काय मिसळलंय, तेही तिला कळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ई-सिगारेटशी निगडित फुप्फुसाच्या गंभीर आजाराची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली होती आणि ६८ जण दगावले होते. मुख्य संशय होता तो गांजातल्या टीएचसीच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. या रुग्णांच्या हातातल्या उपकरणाला पडदा असता, तरी त्यावर वॅट आणि ओहमच दिसले असते.

गेल्या काही वर्षांत पडद्याचं कामच बदललं आहे. वापरून फेकायच्या ई-सिगारेटींवर आता रंगीत पडदे झळकतात. त्यावर उरलेल्या द्रवाची टक्केवारी दिसते, झुरका घेताच हलती चित्रं उमटतात, काहींवर तर चक्क खेळ खेळता येतात. वॅट बदलणाऱ्या हौशी माणसाला यातलं काही नको असतं. फळांची चव आणि खेळण्यासारखा पडदा यांची जोडी कुणाला भुलवते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. निकोटिनचं व्यसन कोवळ्या मेंदूला फार लवकर जडतं, हे ठाऊक असूनही असा माल बाजारात आणला जातो. हे अक्षम्य आहे.

भारतात यातलं काहीच कायदेशीरपणे विकता येत नाही. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि पाठोपाठ आलेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी घातली. साठा वगळता इतर प्रकारांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लंडन-दुबईहून मुंबईला येणाऱ्याने ‘एकच तर आहे’ म्हणून बॅगेत टाकलेलं उपकरणही आयातबंदीतून सुटत नाही.

ब्रिटननेही १ जून २०२५ पासून फेकायच्या ई-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली. तिथे त्याआधी आठवड्याला लाखो उपकरणं कचऱ्यात जात होती. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी अशा उपकरणांतले सेल बाहेर काढून पुन्हा पुन्हा भरून पाहिले. एकदाच वापरायचे म्हणून विकलेले ते सेल साडेचारशेहून अधिक वेळा भरता आले.