विश्लेषण : व्हॅनचा पत्रा कापून फायबरग्लासचे उंच छप्पर बसवता येते का? कायदा काय सांगतो?

कॅराव्हॅन पर्यटनासाठी राज्याने धोरण आणले, जुन्नर पर्यटन तालुका झाला. पण जुन्या व्हॅनवर उंच छप्पर चढवून ‘फिरते घर’ तयार करण्याचा स्वस्त वाटणारा मार्ग गाडीची नोंदणी, विमा आणि आतील माणसांचा जीव या तिन्हींवर बेतू शकतो. तो कसा, याविषयी…

उंच छपराची गरज का भासते?

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा हे शेतीवर चालणारे गाव. तालुक्याच्या पश्चिमेला मात्र शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट आणि माळशेज घाट आहे. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला, २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि मार्च २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणाला मंजुरी दिली. घरची जमीन असलेल्या कुटुंबाला शेतावर कॅराव्हॅन उभी करण्याची कल्पना साहजिकच आकर्षक वाटते. गाडीवर बिऱ्हाड या भागाला नवे नाही. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावात फडांच्या गाड्या पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत.

अडचण उंचीची असते. मारुती ईकोसारखी व्हॅन रस्त्यापासून छपरापर्यंत साधारण १.८ मीटर आहे. त्यातून चाके आणि तळाची उंची वजा केली, तर आत साडेपाच फुटी माणूस ताठ उभा राहू शकत नाही. स्वयंपाक, कपडे बदलणे, स्वच्छतागृह या सगळ्यासाठी उभे राहण्याएवढी जागा लागते. म्हणून मूळ छप्पर कापून त्यावर अर्धा मीटर उंचीचे फायबरग्लासचे टोपण बसवण्याचा विचार पुढे येतो. परदेशात ही पद्धत जुनी आहे. फोक्सवॅगनच्या टी-३ व्हॅनवर जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने बसवलेली उंच छपरे फायबरग्लासचीच होती.

हे छप्पर तयार कसे होते?

आधी छपराच्या आकाराचा साचा बनवतात. त्याला मेण चोळून वर जेलकोट लावतात. हा थर पुढे बाहेरचा गुळगुळीत, रंगीत पृष्ठभाग होतो. त्यावर काचतंतूंची मॅट अंथरून पॉलिस्टर रेझिन जिरवतात. रेझिनमध्ये एक ते दोन टक्के हार्डनर मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होऊन ते घट्ट होते. मॅटचे असे थर रोलरने दाबून, आतली हवा काढून चार-पाच मिलिमीटर जाडी गाठली जाते. हवा राहिली तर तिथे पोकळी होते आणि पुढे तडा तिथूनच जातो.

फायबरग्लास खरोखर हलके असते का?

समज तसा आहे, पण हिशेब वेगळा निघतो. हाताने थर दिलेल्या फायबरग्लासची घनता पोलादाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी असते. मात्र पत्रा ०.८ मिलिमीटरचा, तर फायबरग्लास चार मिलिमीटरचे. म्हणजे दर चौरस मीटरला दोन्हींचे वजन सहा किलोच्या आसपास, जवळपास सारखे. साडेचार मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद गाडीवर ४५ सेंटिमीटर उंचीचे टोपण घेतले, तर बाजूंसह क्षेत्रफळ पावणेतेरा चौरस मीटर आणि वजन ७५ किलोंच्या घरात जाते. कापलेल्या पत्र्याचे ४५ किलो वजा केले तरी ३० किलो वाढतात. त्यावर चौकट, उष्णतारोधक थर, सौर पॅनेल आणि वातानुकूलन यंत्र आले की भार वाढत जातो, तोही गाडीच्या सर्वात वरच्या भागात. गुरुत्वमध्य वर सरकला की वळणावर गाडी अधिक कलते.

धोका नेमका कुठे असतो?

पहिला धोका पत्रा कापण्यात. ईको किंवा टाटा विंगरसारख्या गाड्यांचे अंग एकसंध असते. त्यांत छप्पर म्हणजे नुसते झाकण नसते. आडव्या पट्ट्यांसह ते दोन्ही बाजू बांधून ठेवते. या पट्ट्या कापल्या की खड्ड्यातून जाताना गाडी पिळवटते, दारे नीट लागत नाहीत आणि काचांच्या कडांना तडे जातात. गाडी उलटली तर आतील माणसांवरचे संरक्षणच उरत नाही. म्हणून कापलेल्या भोवताली पोलादी चौकट जोडणे हा या कामाचा गाभा आहे. फायबरग्लासचे टोपण ती जागा भरून काढू शकत नाही.

दुसरा धोका सांध्याचा. उन्हात फायबरग्लास पोलादाच्या दुपटीहून थोडे अधिक प्रसरण पावते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर साडेचार मीटर लांबीत दोघांमध्ये सुमारे अडीच ते तीन मिलिमीटरची तफावत येते. नुसते बोल्ट किंवा कडक लांबी भरली तर सांधा फुटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात गळती सुरू होते. त्यासाठी ताण सोसणारे, लवचीक पॉलियुरेथेन चिकटद्रव्य वापरावे लागते.

तिसरा धोका वाऱ्याचा. साडेचार मीटर लांबीवर अर्धा मीटर उंची वाढली की बाजूने सव्वादोन चौरस मीटर जादा पृष्ठभाग मिळतो. ताशी ६० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने ३८ किलोंचा रेटा येतो. माळशेजसारख्या घाटात वळणावर अचानक झोत आला तर चालकाला तो जाणवल्याशिवाय राहत नाही. साधे पॉलिस्टर रेझिन पेट घेते, ही बाब आत गॅसची शेगडी ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब स्पष्ट केली. सीएनजी किंवा एलपीजी संचासारख्या बदलांना कायद्यात वेगळी तरतूद आहे. छप्पर कापून गाडीची उंची आणि अंगरचना बदलणे त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडापेक्षा मोठा फटका विम्याचा ठरू शकतो. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दावा नाकारू शकते.

मग वैध मार्ग कोणता?

कॅम्पर व्हॅन हा कायद्याला ठाऊक असलेला वाहनप्रकार आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन गटात मोडते, पर्यटकांना भाड्याने द्यायची असेल तर ती परिवहन गटात जाते. मोटार कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. कॅराव्हॅन बांधणारा आपला नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतो आणि त्या मंजुरीच्या आधारे नोंदणी होते. अशा तपासणी संस्था जुन्नरपासून दूर नाहीत. पुण्यातील ‘एआरएआय’, पुणे-नाशिक रस्त्यावरच भोसरीत असलेली ‘सीआयआरटी’ आणि अहिल्यानगरची ‘व्हीआरडीई’ या त्यांपैकी होत. मात्र ही प्रक्रिया व्यावसायिक बांधणीदारासाठी आहे. एका जुन्या गाडीसाठी तिचा खर्च आणि खटाटोप परवडणारा नसतो.

त्यामुळे दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य. टाटा विंगर, फोर्स ट्रॅव्हलर या गाड्या उत्पादकाकडूनच उंच छपरासह मिळतात. तिथे पत्रा कापण्याचा प्रश्न येत नाही. आसने काढून पलंग, ओटा बसवला तर आसनक्षमता आणि वाहनप्रकार बदलतो, त्यामुळे आतील कामही मंजुरी असलेल्या बांधणीदाराकडूनच करून घ्यावे लागते.

जुनी कॅम्पर व्हॅन घेताना काय पाहावे?

जुन्नर तालुक्यातील गाड्यांची नोंदणी ‘एमएच-१४’ क्रमांकाने पिंपरी-चिंचवड कार्यालयात होते. गाडी कुठलीही असो, प्रमाणपत्रावरील वाहनप्रकार, आसनक्षमता आणि रिकाम्या गाडीचे वजन प्रत्यक्ष गाडीशी जुळते का, हे आधी तपासावे. गाडी वजनकाट्यावर नेल्यास शेवटच्या नोंदीचा खरेखोटेपणा दहा मिनिटांत कळतो. छपराच्या आतील अस्तर थोडे उघडून चौकट जोडली आहे का, तेही पाहावे. आधीच्या मालकाने केलेला बदल विक्रीनंतर नव्या मालकाच्या दारात येतो. त्याचा जाब आरटीओ आणि विमा कंपनी ज्याच्या नावावर गाडी आहे, त्यालाच विचारतात.