काच फुटली, आता घाई कशाची?

पवनी तालुक्यातल्या कोंढ्याहून एका वाचकाने विचारलं आहे: वादळात खिडकीची काच फुटली, काचवाला आठ दिवसांनी येतो म्हणतो, तोवर खिडकी तशीच उघडी राहिली तर बिघडतं कुठे? पाऊस आत येईल, एवढंच ना?

पाऊस ही त्यातली सगळ्यात किरकोळ बाब आहे. खरी भीती छपराची. आणि ती समजून घ्यायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

ताशी ९० किलोमीटरचा वारा धरू. उन्हाळ्याच्या शेवटी विदर्भात येणाऱ्या वावटळी पावसात एवढा जोर नवा नाही. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आपल्या बांधकामाच्या मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात दिलेलं आहे: सेकंदाला किती मीटर, त्याचा वर्ग, गुणिले ०.६. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. उत्तर येतं ३७५ पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ३८ किलो. छपरावरून जाणारा वारा ते खाली दाबत नाही, वर ओढतो. हा ओढा या दाबाच्या ०.८ पट धरला, तर त्यात घराच्या आतल्या हवेचा रेटा मिळवावा लागतो. सगळी खिडक्या-दारं बंद असली तर हा आतला रेटा दाबाच्या ०.२ पट असतो. वाऱ्याच्या तोंडावरची एखादी मोठी खिडकी उघडी पडली, की मानक तोच आकडा ०.७ धरायला सांगतं. बेरीज १ वरून थेट १.५ वर जाते.

दहा बाय बाराच्या खोलीवरच्या टिनांचा हिशेब करा. बंद घरात त्या टिनांना वर उचलणारं बळ सुमारे सव्वाचारशे किलो. खिडकी फुटल्यावर साडेसहाशेच्या आसपास. टिनांचं स्वतःचं वजन जेमतेम ५० किलो. आपल्याकडे टिनांवर दगड ठेवतात. दहा-दहा किलोचे वीस दगड ठेवले तरी भर पडते दोनशेची. बाकीचा सगळा भार आकडे, बोल्ट आणि खालचे वासे यांच्यावर येतो, आणि ते गंजलेले किंवा कुजलेले असतील तर टिना दगडांसकट उडतात. वादळाच्या बातमीत ‘टिना उडाल्या’ असं वाचतो तेव्हा आपण वाऱ्यालाच बोल लावतो. त्यातल्या कित्येक घरांत आधी एखादं दार किंवा खिडकी उघडी पडलेली असू शकते, याकडे लक्ष जात नाही. म्हणून उघडी पडलेली खिडकी त्याच दिवशी, पुढचा वारा यायच्या आत बंद करायची.

काच फोडायला वादळच लागतं असं नाही. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळलं आणि आठ कामगारांचा जीव गेला. त्याचा आवाज काही किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले, तेव्हा कारखान्याशी काडीचा संबंध नसलेल्या आजूबाजूच्या इमारतींची तावदानं फुटली. वातावरणाचा नेहमीचा दाब दर चौरस मीटरला दहा टन असतो. त्यात अचानक एक टक्क्याची भर पडली, म्हणजे शंभर किलोची, तरी साधी काच फुटायला लागते. आपल्या कानाला तो नुसता मोठा धडाका वाटतो. दाबाच्या लाटेपाठोपाठ ओढीची लाट येते, त्यामुळे काही काचा आत न पडता बाहेर, रस्त्यावर पडतात.

स्फोट आठपट मोठा झाला तर काचा किती लांबपर्यंत फुटतील? आठपट नव्हे, दुप्पटच. अंतर हे दारूगोळ्याच्या घनमुळाप्रमाणे वाढतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात केंब्रिजच्या बर्ट्राम हॉपकिन्सनने हा नियम मांडला. १९१८ मध्ये तो स्वतः विमान चालवत असताना अपघातात गेला. आजही दारूगोळ्याचं कोठार वस्तीपासून किती लांब ठेवायचं, हे ठरवताना त्याचं घनमूळ कामाला येतं.

पण एकाच भिंतीतल्या दोन सारख्या काचांपैकी एक फुटते आणि दुसरी शाबूत राहते, ते का? या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाने दिलं त्याचं नाव पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही, आणि मला त्याची हळहळ वाटते. ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ, इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातला तरुण इंजिनिअर. रेणू-रेणूंमधली बांधणी पाहून काचेची ताकद काढली तर ती पोलादाला मागे टाकते. प्रत्यक्षात खिडकीची काच तिच्या शंभराव्या हिश्शातही मोडते. ग्रिफिथने काच तापवून तिचे बारीक बारीक धागे ओढले आणि एकेक तोडून पाहिला. एक मिलिमीटर जाडीच्या धाग्याच्या तुलनेत तीन मायक्रॉनचा धागा सुमारे वीसपट ताकदवान निघाला. काच तीच, भट्टी तीच, फक्त धागा बारीक. त्याने ताडलं की काचेच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि धागा जितका बारीक तितकी मोठी चीर त्यात मावायला जागा कमी.

कापड दुकानदार ताग्याच्या काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन कापड फाडतो. चीर नसेल तर तेच कापड दोघांनी ओढूनही फाटत नाही. काचेचं नेमकं हेच होतं. सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो, आणि चीर ठरावीक लांबीपलीकडे गेली की ती स्वतःच धावत सुटते. खिडकीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसताना पडलेले ओरखडे, सरकत्या चौकटीत अडकलेला वाळूचा कण, दमट हवा, यांनी या चिरा वर्षानुवर्षं वाढत जातात. शाबूत राहिलेल्या काचेत पुरेशी मोठी चीर अजून झालेली नव्हती, इतकंच.

ग्रिफिथचा हा निबंध १९२१ मध्ये छापला गेला. पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. प्रयोगात त्याला मदत करणारा बेन लॉकस्पायझर एका संध्याकाळी गॅसची ज्योत बंद करायला विसरून घरी गेला. आग लागली, चौकशी झाली, काम थांबवलं गेलं आणि ग्रिफिथची रवानगी इंजिन विभागात झाली. तिथेही त्याने १९२६ मध्ये टर्बाइनच्या पात्यांचा सिद्धांत मांडला, जो पुढे जेट इंजिनांना उपयोगी पडला. लॉकस्पायझर पुढे ‘सर’ झाला आणि सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या परिषदेचा पहिला अध्यक्षही. चिरांचं शास्त्र मात्र वीसेक वर्षं जवळपास अडगळीत पडलं. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगने जोडलेली मालवाहू जहाजं भर समुद्रात, काही तर बंदरात उभी असताना दुभंगली, तेव्हा कुठे लोकांना ग्रिफिथची आठवण झाली.

जहाजांचा विषय निघाला म्हणून मुंबई. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि जवळपास १,४०० टन स्फोटकं. दुपारी आग दिसली आणि पहिला स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. शहरभर काचा फुटल्या. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ ला असंच एक जहाज स्फोटाआधी वीसेक मिनिटं जळत होतं आणि लोक काचेला नाक लावून ते पाहत उभे होते. काचा त्यांच्या डोळ्यांत गेल्या. दुसऱ्याच दिवशी हिमवादळ आलं, आणि काचा उरल्या नव्हत्या त्या घरांच्या खिडक्यांवर हाताला येईल ते, डांबरी कागद, पुठ्ठे, घोंगड्या ठोकाव्या लागल्या. रशियात चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ ला उल्का फुटली तेव्हाही तेच. आधी लखलखाट, माणसं खिडकीशी धावली, आणि दोनेक मिनिटांनी दाबाची लाट आली. दीडेक हजार जखमी, त्यातले बहुतेक काचांनी. एका शाळेत मात्र शिक्षिकेने चौथीच्या ४४ मुलांना बाकांखाली बसवलं. मुलांना ओरखडाही आला नाही. बाई स्वतः काचेने जखमी झाल्या. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. लांब लखलखाट दिसला तर तेवढे सेकंद हातात असतात, आणि ते खिडकीपासून मागे सरायला वापरायचे.

आता कोंढ्याच्या खिडकीकडे वळू. आधी चौकटीत अडकलेल्या काचा काढायच्या, त्या वरून खाली. खालचा तुकडा आधी ओढला तर वरचा मोकळा होऊन सरळ मनगटावर येतो. लोंबत्या तुकड्यावर चिकटपट्टीचे दोन-चार पट्टे मारून घ्या, म्हणजे तो निघताना विखुरणार नाही. चामडी हातमोजे आणि बूट हवेतच. झाडून झाल्यावर ओल्या फडक्याने फरशी टिपा, मग दिवे मालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. राहिलेला प्रत्येक कण चमकून दिसतो.

खिडकी झाकायला सगळ्यांत चांगला प्लायवूड, बारा मिलिमीटरचा, पावसात टिकणाऱ्या गोंदाचा. सहा मिलिमीटरचा स्वस्त पडतो, पण जाडी दुप्पट केली की ताकद चौपट होते आणि वाकणं आठव्या हिश्शावर येतं. प्लायमध्ये लाकडाचे पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. एका थरात निघालेली चीर पुढच्या थराच्या आडव्या रेषांत अडकते. ग्रिफिथच्या चिरेला इथे वाट मिळत नाही, म्हणून काठाजवळ खिळा मारला तरी प्लाय फळीसारखा उभा चिरत नाही. टिनाचा सपाट पत्रा नाइलाज म्हणून चालेल, पण तो फडफडतो आणि सुटला तर त्याची धार काचेहून वाईट. नुसती ताडपत्री पाऊस अडवते, वारा नाही. ती आतबाहेर फुगत राहते आणि खिळ्यांपाशी फाटते.

प्लाय बाहेरून लावायचा, भोकापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठा, म्हणजे समोरचा वारा त्याला भिंतीवरच दाबेल. वारा पाठमोरा असला की तोच प्लाय बाहेर ओढला जातो, त्यासाठी बांधणी हवी. खिडकीला गज असतील तर काम सोपं: प्लायला गजांच्या दोन्ही अंगांना भोकं पाडा, स्लॅबच्या सळया बांधायची तार त्यातून ओवून गजाभोवती घ्या आणि आतून पकडीने पिळा. गज नसतील तर आतल्या बाजूने चौकटीवर आडव्या दोन लाकडी पट्ट्या टेकवा आणि लांब बोल्ट प्लायमधून आरपार त्या पट्ट्यांत कसा. भिंतीला भोक पाडावंच लागत नाही, आणि मातीच्या किंवा जुन्या चुन्याच्या भिंतीला हाच उपाय, कारण तिथे स्क्रू धरत नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या चौकटीत स्क्रू मारू नका, ती पातळ असते. वीट-सिमेंटची भिंत असेल तर स्क्रू गिलाव्यात नव्हे, विटेत दोन इंच तरी गेला पाहिजे. वरच्या काठावर प्लास्टिकची पट्टी अशी दाबा की पाणी प्लायच्या मागे उतरणार नाही.

काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची पद्धत १९७१ च्या युद्धात अनेकांनी पाहिली आहे. तेव्हा कागदाच्या पट्ट्या लावत, त्या तुकडे विखुरू नयेत म्हणून. फुलीने काच मजबूत होते हा पुढे रूढ झालेला समज खोटा आहे. पट्टीला चिकटलेले मोठे तुकडे एकत्र येऊन आदळले तर उलट जास्त लागतं. काच फुटूच देणार नाही, अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या पारदर्शक फिल्मबद्दलही सावध राहा. फिल्म तुकडे धरून ठेवते हे खरं. पण तिचे काठ चौकटीत पक्के बसवलेले नसतील तर अख्खं तावदान फिल्मसकट आत येतं. विकणाऱ्याला काठ कसे बसवणार, हे आधी विचारा.

आपल्या जुन्या घरांना हा त्रास कमी होता. लहान खिडकी, मधे गज, आणि आतून जाड फळीची कवाडं. आभाळ भरून आलं की अडसर टाकायचा. नवीन घर बांधताना काचेच्या सरकत्या खिडकीसोबत वाऱ्याच्या बाजूला अशी एक जोडी कवाडं बसवून घ्यायला गावातला सुतार अजून पुरेसा आहे.

एक सूचना मात्र अगदी कळकळीची. खिडक्या बुजवलेल्या खोलीत चूल किंवा शेगडी पेटवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. स्वयंपाकाच्या बाजूची एक खिडकी बुजवायचीच असेल तर तिथला प्लाय बिजागरीवर बसवा, वादळ सरताच उघडता येईल असा. आणि बाहेर पडायचं दार, फळ्या फुटलेलं असलं तरी, खिळे ठोकून कधीच बंद करू नका. आग लागली तर रात्री अंधारात आतून एका हाताने उघडेल, अशी कडी त्याला हवी.