दूध मागच्या भिंतीशी का?

अमेरिकी उपनगरांतल्या सुपरमार्केटांत दूध बहुधा मागच्या भिंतीशी असते. गिऱ्हाइकाला सगळे दुकान फिरवण्यासाठीच ही युक्ती, असा समज आहे. तो अर्धा खरा आहे. वाटेत जास्त खरेदी होते, हे दुकानदार जाणतात. दुसरे कारण शीतसाखळीचे (माल उत्पादकापासून दुकानापर्यंत सलग थंड ठेवण्याची व्यवस्था). ट्रक बहुधा मागच्या दाराशी लागतात, शीतगृहही तिथेच असते. स्वयंपाकघरातली मोरी जिथे पाणी वाहून जायला वाट असते तिथेच बांधतात, तसेच हे. अनेक दुकानांत दुधाच्या फळ्या शीतगृहातूनच, पाठीमागून भरतात. नवे दूध मागे राहते, आधीचे पुढे सरकून आधी विकले जाते. दूध असे मागे असल्याने त्या भिंतीवरची ‘डेअरी’ ही मोठी अक्षरेही निव्वळ शोभेची नसतात. दारातूनच दिशा कळावी, यासाठी ती असतात.