जुनी दुनळी बंदूक : चकाकी पाहू नका, मूळपण पाहा

वर्धा, आर्वी, हिंगणघाट भागात जुना वाडा मोडायला निघाला की सागवानी दारे, तुळया, पितळी भांडी यांचा सौदा होतो. त्याच घरात कधी कधी भिंतीवर टांगलेली किंवा पेटीत ठेवलेली दुनळी बंदूकही निघते. मालगुजारीच्या काळात बंदूक हा घराण्याचा मानाचा ऐवज होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. बंदूक मागे पडली, पण तिची किंमत गेली नाही. चांगल्या कारखान्याच्या जुन्या बंदुकीला संग्राहक आजही भाव देतात.

हा भाव कशाला मिळतो, हे मात्र आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंना ठाऊक नसते. वस्तू घासूनपुसून चकचकीत केली की दोन पैसे जास्त मिळतात, हा पितळेचा हिशेब बंदुकीला लावला तर पदरी तोटा येतो. मूळ रंग, मूळ कोरीव काम व मूळ लाकूड जितके शिल्लक, तितका भाव जास्त.

आधी कागद, मग सौदा

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो. विकायला आणि दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. परवानाधारक वारला तर वारसांनी बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या हत्याराला कायद्यात सूट आहे. पण हत्यार त्यात बसते की नाही, हे आपल्या मनाने ठरवू नये, परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे. शंभर वर्षांवरची पुराणवस्तू खाजगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही, हा १९७२ चा पुराणवस्तू कायदाही ध्यानात ठेवावा. भंगार किंवा जुने फर्निचर घेणाऱ्याने कागदाविना बंदूक गाडीत टाकली, तर नफा बाजूला राहून कोर्टाच्या फेऱ्या नशिबी येतात.

नाव आणि शिक्के वाचा

नळीवरचे नाव पाहून लगेच हुरळू नये. कलकत्त्याच्या रोडा, मँटन यांसारख्या पेढ्या इंग्लंडात बनलेल्या बंदुका आपल्या नावाने विकत. १९१४ साली क्रांतिकारकांनी जिची माउझर पिस्तुले पळवली, तीच ही रोडा कंपनी. तेव्हा नाव विकणाऱ्याचे आहे की बनवणाऱ्याचे, हे आधी पाहावे.

खरी माहिती नळ्या काढल्यावर त्यांच्या खालच्या बाजूला असते. बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ च्या कायद्याने सुरू झाले. तिथे व लंडनला प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून पाहत आणि मगच शिक्का मारत. त्यांतच नळीच्या आतल्या मापाचा आकडा असतो. १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३ म्हणजे ०.७१० इंच. हे माप मागच्या तोंडापासून नऊ इंच आत घेतात. शिक्का १२ चा आणि माप ०.७४० भरले, तर नळी आतून घासून गंजाचे खड्डे काढले आहेत असे समजावे. अशी नळी पातळ होते, आणि पातळ नळी फुटते.

लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या दमास्कस नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते. त्यांतल्या बहुतेक काळ्या दारूसाठी बनल्या. आजच्या दारूचे काडतूस त्यांत घालून पाहणे म्हणजे हात गमावण्याचा धोका पत्करणे.

मूळपण कसे ओळखावे

नंबर : नळ्या, मधली पोलादी अ‍ॅक्शन आणि नळीखालचा पुढचा भाग या तिन्हींवर एकच नंबर हवा.

नळीचे तोंड : दोन्ही नळ्या पुढे एकमेकींना भिडलेल्या हव्यात. मध्ये फट असेल किंवा ती भरलेली दिसली, तर नळ्या कापल्या आहेत.

आवाज : सुट्या नळ्या हुकाला टांगून हलके टिचकावाव्यात. घंटेसारखा नाद आला तर मधल्या पट्ट्या घट्ट. आवाज बद्द आला तर झाळण सुटले आहे.

स्क्रू : चांगल्या कारखान्यात स्क्रूच्या खाचा एका रेषेत बसवत. खाचा फाटलेल्या असतील तर बंदूक अनाडी हाताने खोलली आहे.

कडा व कोरीव काम : अ‍ॅक्शनच्या कडा धारदार आणि नक्षी खोल हवी. कडा गोल झाल्या, स्क्रूभोवती खळगा पडला, तर तिला पॉलिशचे चाक लागले आहे. मूळ निळसर-तपकिरी छटा कोपऱ्यांत, आडोशाला टिकते आणि हात लागतो तिथे उडते. सगळीकडे सारखाच रंग दिसला तर तो नवा.

दस्ता : विलायती बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा, तेल मुरवलेला असतो. शिसवीचा असेल, जाड व्हार्निश असेल किंवा मागे रबर लावून लांबी बदललेली असेल, तर मूळपण कमी झाले. पकडीची बारीक चौकट वापराने बुजलेली असेल तर तो दोष नाही. ती नव्याने कोरलेली असेल तर भाव उतरतो.

कारागिराने हात कुठे थांबवावा

दुरुस्तीचा परवाना असलेल्या उस्तादालाही हा मोह आवरावा लागतो. उकळत्या क्षारात बुडवून नळी काळी करण्याची पद्धत दुनळीला घातक आहे. त्या क्षाराने नळ्या जोडणारे मऊ झाळण खाल्ले जाते आणि पट्ट्या सुटतात. जुने कारागीर हळूहळू गंज चढवून, तो उकळून, घासून रंग आणत. त्याला दिवस लागतात, पण नळी वाचते. शिक्का किंवा नंबर घासणे तर गुन्ह्यालाच निमंत्रण.

तेलाचा हलका हात, सुती फडके, कोरडी जागा, एवढीच राखण बहुतेक बंदुकांना पुरते. कुणी पॉलिशला बंदूक आणली तर आधी परवाना पाहावा, मग त्याला सांगावे की घासल्याने मोल उतरेल. त्या दिवशीची मजुरी बुडेल, पण पुढच्या वेळी तोच माणूस आपल्याकडेच येईल.