ब्राँटे कुटुंबाची कागदपत्रे : जतन, नाश आणि पाठ

एखाद्या लेखकाची पत्रे संपादित स्वरूपात हाती आली की ती लेखकाच्या मनाचा थेट पुरावा म्हणून वाचली जातात. ही पत्रे कोणी ठेवली, कोणी जाळली, कोणी विकली, हे प्रश्न संपादकाच्या कक्षेतले मानून बाजूला सारले जातात. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात हॉवर्थ नावाचे गाव आहे. तेथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे (१७७७-१८६१) यांच्या कुटुंबाचे दप्तर वाचताना ही सवलत घेता येत नाही. शार्लट, एमिली व ॲन या तिघी भगिनींविषयी आज जे निश्चितपणे सांगता येते आणि जे सांगता येत नाही, ते दोन्ही या दप्तराच्या प्रवासाने ठरविले आहे.

पॅट्रिक हे आयर्लंडमधील गरीब घरातून केंब्रिजपर्यंत पोचलेले गृहस्थ. १८२० मध्ये ते हॉवर्थला आले. पुढच्याच वर्षी पत्नी मारिया निवर्तली आणि १८२५ मध्ये दोन थोरल्या मुली गेल्या. उरलेली चार मुलेही वडिलांच्या हयातीतच मरण पावली. त्यामुळे घरातील कागद अखेरीस वृद्ध पिता आणि शार्लटचे पती आर्थर बेल निकोल्स या दोन पुरुषांच्या हाती राहिले. विवाहापूर्वी, १८१२ मध्ये, मारियाने लिहिलेली पत्रे पॅट्रिक यांनी जवळजवळ अडतीस वर्षे जपली आणि १८५० मध्ये ती शार्लटला वाचावयास दिली. आईची ओळख तिला या पत्रांतून झाली. पुढे शार्लटची कीर्ती पसरल्यावर याच पित्याने हस्ताक्षर मागणाऱ्या चाहत्यांना मुलीच्या पत्रांचे तुकडे कापून पाठविले. यात अनास्था नव्हती. पत्र हा अखंड दस्तऐवज आहे ही कल्पनाच त्यांच्यापाशी नव्हती, एवढेच.

शार्लटच्या पत्रव्यवहाराचा सर्वांत मोठा भाग टिकला तो एलन नसी हिच्यामुळे. १८३१ मध्ये रो हेड येथील शाळेत दोघींची मैत्री झाली व ती शार्लटच्या मृत्यूपर्यंत टिकली. जून १८५४ मध्ये शार्लटचा विवाह झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निकोल्स यांनी तिच्या मोकळेपणाने लिहिलेल्या पत्रांना हरकत घेतली. अशी पत्रे आगकाड्यांइतकी धोकादायक असतात, असे त्यांचे मत शार्लटने मैत्रिणीला काहीशा गमतीने कळविले. पत्रे जाळण्याचे लेखी वचन निकोल्स यांना हवे होते. एलनने ते दिले. मात्र यापुढे त्यांनी पत्नीच्या पत्रांची तपासणी करू नये, अशी अट घातली. पत्रे तिने जाळली नाहीत. शार्लट ३१ मार्च १८५५ रोजी वारली. त्यानंतर पॅट्रिक यांच्या विनंतीवरून एलिझाबेथ गास्केल यांनी तिचे चरित्र हाती घेतले, तेव्हा एलनने सुमारे ३५० पत्रे त्यांना वाचावयास दिली. १८५७ चे ते चरित्र या पत्रांवर उभे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. एलन धर्मनिष्ठ, प्रेमळ आणि वाङ्मयीन महत्त्वाकांक्षेपासून दूर होती. ‘जेन एअर’चे कर्तृत्व शार्लटने १८४८ पर्यंत तिच्यापासूनही लपविले होते. याउलट मेरी टेलर ही तिची दुसरी मैत्रीण स्वतंत्र विचारांची व स्पष्टवक्ती होती. ती न्यूझीलंडला जाऊन राहिली. तिने सावधगिरी म्हणून शार्लटची पत्रे नष्ट केली. राहिले ते एकच : सप्टेंबर १८४८ मधले, दोघी भगिनी लंडनला प्रकाशकाकडे गेल्याची हकीकत सांगणारे. ते वाचताना शार्लटचा जो खेळकर, धीट सूर कानी पडतो, त्यावरून केवढा ऐवज गेला याचा अंदाज येतो. कर्तव्यदक्ष, सोशिक शार्लटची जी प्रतिमा गास्केल यांच्या चरित्राने रूढ केली, तिच्यामागे चरित्रकर्त्रीची दृष्टी आहे तशीच एका मैत्रिणीची पेटी व दुसरीची शेगडीही आहे.

ब्रसेल्सचे अध्यापक कॉन्स्टँटिन एझे यांना शार्लटने फ्रेंचमध्ये लिहिलेली चार पत्रे शिल्लक आहेत. ती १८४४-४५ मधील असून त्यांतील तीन फाडलेली व नंतर सांधलेली आहेत. एकाच्या समासात चांभाराचा पत्ता टिपलेला आहे. व्याकुळ होऊन लिहिलेल्या पत्राचा प्राप्तकर्त्याने केलेला हा उपयोग पुष्कळ काही सांगून जातो. गास्केल १८५६ मध्ये ब्रसेल्सला जाऊन आल्या होत्या, तथापि चरित्रात त्यांनी निरुपद्रवी उतारेच घेतले. १९१३ मध्ये एझे यांच्या मुलांनी पत्रे ब्रिटिश म्युझियमला दिली व ती ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाली. ‘व्हिलेट’ या कादंबरीचे वाचन तेव्हापासून बदलले.

सर्वांत गंभीर हानी मात्र विक्रीने झाली. पॅट्रिक यांच्या निधनानंतर निकोल्स आयर्लंडमधील बॅनहर येथे परतले. तेथे १८९५ मध्ये क्लेमेंट शॉर्टर यांनी त्यांच्याकडील कागद विकत घेतले. पैसा होता टॉमस जेम्स वाइज या संग्राहकाचा. एलनकडील पत्रेही, ती पुढे राष्ट्रीय संग्रहात जातील या समजुतीवर, वाइज यांच्याच हाती गेली होती. वाइज यांनी दप्तर फोडले, सुटी पाने चामड्याच्या बांधणीत घातली आणि ती इंग्लंड-अमेरिकेतील ग्राहकांना विकली. मुलांनी १८२९ पासून काड्यापेटीएवढ्या वह्यांत छापील वाटणाऱ्या बारीक अक्षरांत लिहिलेल्या ग्लास टाउन व अँग्रियाच्या कथाही यातून सुटल्या नाहीत. भावंडांची ही अक्षरे सारखीच दिसत. शार्लटच्या नावाला भाव अधिक होता. साहजिकच ब्रॅनवेलचे लेखन बहिणींच्या नावावर खपले. वाइज यांनी अन्य लेखकांच्या बनावट पुस्तिका तयार केल्याचे कार्टर व पोलार्ड यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. परंतु त्यांच्या व सिमिंग्टन यांच्या संपादनातून निघालेली ब्राँटे-पत्रव्यवहाराची आवृत्ती (१९३२) सदोष पाठांसह पुढे अनेक दशके प्रमाण म्हणून वापरली गेली.

एमिलीपाशी येऊन हे दप्तर जवळजवळ मुके होते. तिच्या हातच्या अवघ्या तीन चिठ्ठ्या उरल्या आहेत व त्या तिन्ही एलनला लिहिलेल्या आहेत. तिच्या व ॲनच्या गोंडाल-विश्वातील गद्य समूळ नाहीसे झाले. ते शार्लटने नष्ट केले असे वारंवार म्हटले जाते. त्यास पुरावा नाही. एमिलीची १८४४ ची एक काव्यवही विसाव्या शतकात अनेक दशके अभ्यासकांच्या नजरेआड होती. २०२१ मध्ये ती ऑनर्सफील्ड संग्रहासोबत पुन्हा उजेडात आली. हा संग्रह लिलावात फुटण्याच्या बेतात असताना दीड कोटी पौंड उभारून तो सार्वजनिक संस्थांसाठी घेण्यात आला.

मार्गारेट स्मिथ यांनी १९९५ ते २००४ या काळात तीन खंडांत शार्लटची पत्रे संपादित केली. प्रत्येक पत्राखाली मूळ प्रत आज कोठे आहे व ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, याची नोंद त्यांनी दिली आहे. मूळ प्रत न सापडलेल्या काही पत्रांसाठी त्यांनाही जुन्या छापील पाठावरच विसंबावे लागले.