पाणी नळात कोठे अडते?

विहिरीवरील पंपाचे पाणी शेताच्या टोकाला कमी पडू लागले, की दोष बहुधा पंपाच्या माथी मारला जातो आणि अधिक अश्वशक्तीचा पंप घेण्याचा विचार सुरू होतो. पुष्कळदा खरा अडसर नळात असतो.

नळाच्या भिंतीला टेकलेला पाण्याचा थर हलत नाही. त्याच्या लगतचा थर हळू सरकतो, मध्यभागचा वेगाने. एका थराने दुसऱ्यास मागे ओढण्याच्या या गुणास श्यानता, साध्या भाषेत चिकटपणा, म्हणतात. गुऱ्हाळावर तो डोळ्यांना दिसतो: ऊन काकवी चटकन ओघळते, निवलेली रेंगाळते. पाण्याचेही तसेच आहे. 20 अंश सेल्सिअसपेक्षा 40 अंशांवर त्याची श्यानता सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. ठिबक सिंचनाच्या बारीक मायक्रोट्यूबमध्ये प्रवाह संथ असतो. त्यामुळे दाब तोच असूनही भर दुपारी तापलेले पाणी सकाळपेक्षा अधिक पडते.

मोठ्या नळातील प्रवाह मात्र खळबळता असतो. तेथे असंख्य लहान भोवऱ्यांत शक्ती खर्ची पडते आणि नळाच्या व्यासाचा हिशेब फार कठोर होतो. दर सेकंदास 5 लिटर पाणी 100 मीटर लांबीच्या गुळगुळीत पीव्हीसी नळातून न्यावयाचे आहे असे समजा. आतील व्यास 50 मिलिमीटर असल्यास घर्षणापायी सुमारे 12 मीटर उंचीइतका दाब नाहीसा होतो. 75 मिलिमीटर असल्यास दोन मीटरही नाही. अरुंद नळ घेणारा शेतकरी आपली विहीर जणू 10 मीटर अधिक खोल करून घेतो! पंप व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता निम्मी धरली, तर एवढ्यासाठी दर तासाला जवळजवळ 1 युनिट वीज जाते.

अशा नळावर मोठा पंप बसवूनही फारसे साधत नाही, कारण पाणी दुप्पट करू गेल्यास घर्षण साडेतीन पटींहून अधिक वाढते.

खरेदीच्या वेळी आणखी एक गोष्ट पाहावी. पीव्हीसी नळ बाहेरील व्यासाने ओळखले जातात. पाणी वाहते ते आतील व्यासातून. जाड भिंतीच्या नळात तो कमी भरतो. पंपाच्या सक्शनकडील नळ तर कधीच अरुंद नसावा. तेथे घर्षण वाढले, की पाणी ओढण्याची पंपाची मर्यादा लवकर गाठली जाते, आणि उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरताच पंप पाणी सोडतो.