नंबर तोच, कंपनी दुसरी

तारेच्या फोनचा नंबर जागेला बांधलेला असतो. ठाण्याच्या फोनला बाहेरगावाहून आधी ०२२ लावावे लागते, कल्याण-डोंबिवलीच्या फोनला ०२५१. डोंबिवलीचे घर सोडून ठाण्याला राहायला गेले, की जुना नंबर मागेच राहतो. मोबाइलचे तसे नाही. तो नंबर माणसाबरोबर फिरतो. पण पूर्वी तो कंपनीला बांधलेला होता. कंपनी सोडली, की नंबरही सुटला. २० जानेवारी २०११ पासून हे बंधन देशभर गेले. आता नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. दुकानदार याला पोर्ट करणे म्हणतात.

कुणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? स्टेशनाबाहेर छत्री लावून बसलेला पोरगा नवे कार्ड लगेच देतो. देतो खरा! पण आपला जुना नंबर बँकेत लिहिलेला असतो, आधारला जोडलेला असतो, मुलांच्या शाळेत दिलेला असतो. तो बंद पडला, तर निदान ९० दिवस कुणाला मिळत नाही. पुढे मात्र तो परक्या माणसाच्या हाती जाऊ शकतो. मग बँकेचा गुपित आकडा कुणाच्या फोनवर जाईल? आणि कल्याणच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईची गिऱ्हाईके तर तिच्या नंबरावरच असतात. म्हणून नंबर टाकू नये, पोर्ट करावा.

ते असे करतात. आपल्याच फोनवरून १९०० या नंबरावर मेसेज पाठवायचा. त्यात पी, ओ, आर, टी ही चार इंग्रजी अक्षरे लिहायची, मग थोडी जागा सोडायची, मग आपला दहा आकडी नंबर. पैसे संपलेले असले तरी हा मेसेज जाऊ दिला पाहिजे, असे सरकारी नियामकाने २०२१ साली कंपन्यांना बजावले आहे. उलट मेसेजात आठ अक्षरा-आकड्यांची एक खूण येते. तिला कोड म्हणतात.

हा कोड जुनी कंपनी देत नाही. दोन कंपन्यांच्या मध्ये तिसरी एक संस्था असते. बाजारात मापाडी असतो ना, घेणाऱ्याचाही नाही आणि विकणाऱ्याचाही नाही, तशी. तिचे यंत्र आधी पाहते, की जुन्या कंपनीकडे ९० दिवस झाले का, महिन्याच्या बिलाचा फोन असेल तर बाकी फेडली का. सारे ठीक असेल तरच कोड येतो. ही रीत १६ डिसेंबर २०१९ पासूनची आहे. त्याआधी कोड लगेच मिळे आणि अर्ज मागाहून अडे. ही रीत आम्हांला बरी वाटते. हेलपाटा वाचतो.

कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. तो ४ दिवसच चालतो. दुकानदार आपल्या यंत्रात नंबर आणि कोड भरतो, ओळख पटवतो, नवे कार्ड देतो.

आता घरात चार फोन असले तर? एका कोडावर चारही नंबर जात नाहीत. ज्या त्या फोनवरून मेसेज, ज्याला त्याला वेगळा कोड. कागदावर नंबर लिहावा आणि त्याच्याच समोर त्याचा कोड. आजीचा कोड नातवाच्या नंबरापुढे पडला, तर जोडी जुळत नाही आणि अर्ज परत येतो. दुकानदार भरत असताना आकडे मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. वाचता येते, मग लाजायचे कशाला? नंबर ज्याच्या नावावर आहे, त्यानेच जावे हे बरे. कारखान्याचे गणित निराळे. कंपनीच्या नावावरचे १०० पर्यंत नंबर एका अधिकारपत्रावर हलवता येतात.

हा कोड फोनवर कुणाला सांगू नका. तो आणि नंबर हाती आला, की लबाड माणूस आपला नंबर पळवायला बघतो. कार्ड हरवून नवे घेतले असेल, तर पहिले ७ दिवस कोड मिळत नाही. १ जुलै २०२४ पासूनचा हा नियम चोरांसाठीच आहे. अर्ज केल्यावर मन बदलले, तर २४ तासांच्या आत १९०० वर रद्द करण्याचा मेसेज करता येतो.

मुंबई-ठाण्यातला नंबर इथेच दुसऱ्या कंपनीकडे न्यायला कामाचे ३ दिवस लागतात. जळगाव-साताऱ्याकडचा नंबर ठाण्यात आणायचा, तर ५. शिल्लक रिचार्ज बरोबर येत नाही, तेव्हा तो संपत आला की अर्ज करावा. जुने कार्ड काही तास मुके होते. तेव्हा नवे कार्ड फोनमध्ये घालायचे.